उरलेले दोन नमुने कुठे गेले?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

संशोधकांवरची शोधनिबंधांची सक्ती उठवावी, असे सुचवणारा लेख आपल्या रविवार पुरवणीत वाचला. आकड्यांच्या शर्यतीवरचा त्यातला राग रास्त आहे. पैसे भरा आणि आठवड्यात निबंध छापून घ्या, अशा ईमेल निवृत्तीनंतर मलाही येतात. परवा तर मला, रसायनशास्त्राच्या बाईला, दंतवैद्यकावर लिहिण्याची गळ घातली होती. पण लेखाचा रोख पुढे पुढे ‘चांगला संशोधक न छापताही चांगलाच’ असा होत गेला, ते पटले नाही.

लेखकाने भौतिकशास्त्रज्ञ पीटर हिग्ज यांचा दाखला दिला आहे. आजच्या काळात इतक्या मोजक्या निबंधांवर आपल्याला विद्यापीठात नोकरीच मिळाली नसती, असे हिग्ज 2013 मध्ये, नोबेल मिळाले त्या वर्षी म्हणाले होते. खरेच आहे. पण 1964 ची गोष्टही सांगायला हवी. त्यांचा एक छोटासा निबंध ‘फिजिक्स लेटर्स’ या नियतकालिकाने साभार परत केला. हिग्ज यांनी त्यात थोडा मजकूर वाढवला आणि तो ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’कडे पाठवला. पुढे ज्या कणाला त्यांचे नाव मिळाले, त्याचा उल्लेख या वाढवलेल्या मजकुरातच आहे! निबंध मोजकेच लिहिले म्हणून त्यांचे काही अडले नाही. हा एक टेबलाच्या खणात राहिला असता तर मात्र अडले असते.

माझा अनुभव अगदीच किरकोळ, तरी सांगते. पाण्यातल्या शिशावरचा माझा पहिला निबंध नियतकालिकाच्या परीक्षकांचे तीन पाने शेरे घेऊन परत आला. त्यातला एक शेरा असा: ‘तक्त्यात नमुने 48, मजकुरात 46. उरलेले दोन कुठे गेले?’ मला संताप आला. त्या दोन बाटल्यांचे आकडे भलतेच चढे होते, म्हणून गाइड आणि मी त्या हाताळताना दूषित झालेल्या ठरवून गाळल्या होत्या, आणि तसे लिहायचे राहून गेले होते. पुन्हा मोजले तर एक खरोखरच दूषित निघाली. दुसरीचा आकडा बरोबर होता. ‘सर्व नमुने मर्यादेत’ हे माझे लाडके वाक्य खोडावे लागले. प्रबंधाच्या परीक्षकांच्या नजरेतून सुटलेली ही चूक पकडली ती कोणा अनोळखी माणसाने, एका पैशाचाही मोबदला न घेता.

नोकरी आणि बढतीसाठी प्रकाशनाला वजन असावे ते यासाठी. पण निवड समित्यांवर मीही बसले आहे. उमेदवाराचे निबंध मोजायला दोन मिनिटे लागतात, एक नीट वाचायला अख्खी दुपार जाते. आम्ही मोजायचो. नियतकालिकाच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून, म्हणजे त्यातल्या निबंधांचे इतरांनी सरासरी किती वेळा दाखले दिले त्या आकड्यावरून, माणसाची किंमत करू नका, असे संशोधनाच्या मूल्यमापनावरच्या 2012 च्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्याने बजावले, तरी बऱ्याच ठिकाणी हेच चालते.

माझी सूचना साधी आहे. उमेदवाराकडून त्याच्या पसंतीचे दोनच निबंध मागवा, आणि त्यांच्यासोबत परीक्षकांचे शेरे व त्याने दिलेली उत्तरेही. मुलाखतीत त्यांवरच बोला.

— एक निवृत्त प्राध्यापिका