काका, माझं कोपर धरलंत म्हणून

ती. काका,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही आभार मानू देत नाही. 'बरं बरं, जेवलास का?' म्हणून विषय बदलता. म्हणून हे चारचौघांत लिहितोय. तुमच्या मासेमारीच्या ओढ्याचं नाव मात्र लिहीत नाही, नाहीतर तुम्ही माझ्याशी बोलणं टाकाल. व्हर्जिनियात, शेनान्डोआ नॅशनल पार्कच्या डोंगरात, एवढंच पुरे.

सप्टेंबरात तुम्ही मला रॅपिडॅनवर नेलंत. हूव्हर अध्यक्षांनी १९२९ साली मासेमारीसाठी छावणी बांधली, ती नदी. झाडं इतकी वाकलेली की दोर मागे फेकायला जागाच नाही. मग तुम्ही फ्लाय, म्हणजे गळाला बांधलेली खोटी माशी, चिमटीत धरलीत, रॉड धनुष्यासारखी वाकवलीत आणि सोडून दिलीत. 'हूक वाकाशी धर, नाहीतर अंगठ्यात घुसेल.' माझ्या घुसलाच. पण तुम्ही हुकाच्या टोकाजवळचा उलटा काटा आधीच चिमट्याने दाबून सपाट केला होता, म्हणून सहज निघाला.

त्यानंतर ऑक्टोबरअखेरची ती सकाळ. पहाटे चारला उठून दोन तास गाडी हाकत आलो होतो. डोह संपतो तिथल्या उथळ पाण्यात पाय टाकणार, तोच तुम्ही कोपर धरलंत.

"मागे हो. तिथे अंडी आहेत."

मला दिसत होती ती फक्त परातीएवढी उजळ, धुतल्यासारखी खडी. तुम्ही मला खडकावर बसवलंत. खरं सांगतो, मनातून चिडलो होतो. नुसते मासे बघायचे तर मत्स्यालयात गेलो असतो! दहा मिनिटांनी मादी दिसली. कुशीवर वळायची, शेपटी फटाफट खडीवर मारायची, गाळ वाहून जायचा. मागे दोन नर, पोटं पिकल्या आंब्यासारखी नारिंगी, खालच्या परांना पांढरीशुभ्र किनार, अंगावर निळ्या कड्यातले लाल ठिपके. रेनबो ट्राउट पश्चिमेकडून आणलेला, ब्राउन युरोपातून. हा समोरचा ब्रूक ट्राउट मात्र इथलाच, असं तुम्ही हळू आवाजात सांगितलंत. अंडी हिवाळाभर त्या खडीत राहतात, फटींतून गार पाणी खेळत राहिलं तरच जगतात, एक बूट पडला की संपलं.

मग विचारलंत, "कोकणातला ना तू? चढणीचे मासे खाल्लेस की नाही?"

खाल्ले तर! पहिल्या पावसात बाबांबरोबर बत्ती घेऊन शेताच्या बांधावर जायचो. पाण्याच्या उलट उड्या मारत येणारे मासे नुसत्या हातांनी टोपलीत भरायचो. गाभोळीने टच्च भरलेल्या माद्या आधी निवडायच्या. आई ती तव्यावर परतायची. तुम्ही ऐकून घेतलंत, हसलात आणि थर्मासमधला चहा पुढे केलात. पुढे एक शब्द नाही. गाभोळी मला अजून आवडते, काका. पण त्या खडकावर घास अडकल्यासारखं झालं, हेही खरं.

दुपारी खाली, खडकांमधल्या खोल डोहात तुम्ही मला गळ टाकू दिलात. चौदा नंबरची 'पॅराशूट अॅडम्स' फ्लाय, तिसऱ्याच फेकीला मासा. हात आधी ओढ्यात भिजवायला लावलेत, मासा पाण्याबाहेर जेमतेम दोन श्वास. आईला फोनवर सांगितलं. "केवढा होता?" "वीतभरही नाही." "आणि सोडून दिलास? मग एवढ्या लांब गेलास कशाला?" तिला उत्तर देता आलं नाही.

एप्रिलमध्ये एकटाच गेलो होतो, तुम्हाला न सांगता. काठाजवळच्या संथ पाण्यात बोटाच्या पेराएवढी पिल्लं होती. डोळे आधी दिसतात, मासा मागून. माझी सावली पडली आणि सगळी दगडाखाली. त्याच खडीतली होती का, कोण जाणे. बराच वेळ उकिडवा बसून होतो, पायाला मुंग्या आल्या.

काका, मनापासून आभार. तुमचा तो चिमटा माझ्याकडेच राहिलाय. शनिवारी आणतो. थालीपीठं माझी, चहा तुमचा.

आपला आज्ञाधारक
(निदान त्या एका सकाळपुरता)