टोपणनावावर बंदी नको, तपास नीट करा

प्रति,
मा. केंद्रीय इलेक्ट्रॉनिकी व माहिती तंत्रज्ञान मंत्री,
नवी दिल्ली

महोदय,

ऑनलाइन धमक्या, शिवीगाळ यांची चर्चा पेटली की प्रत्येक खात्याला ओळखपत्र जोडा, अशी मागणी होते. सायबर तक्रारींचे तांत्रिक आणि कायदेशीर काम करणारे आम्ही आपल्याला कळकळीने सांगतो, ही मागणी मान्य करू नका.

दक्षिण कोरियाने हे करून पाहिले. 2007 पासून तिथे मोठ्या संकेतस्थळांवर लिहिण्याआधी खरी ओळख पटवणे सक्तीचे होते. कंपन्यांकडे नागरिकांचे ओळख क्रमांक साठत गेले आणि जुलै 2011 मध्ये एकाच कंपनीतून सुमारे 3.5 कोटी लोकांची माहिती चोरीला गेली. 23 ऑगस्ट 2012 रोजी तिथल्या संविधान न्यायालयाने ही तरतूद एकमताने रद्द केली.

आपल्याकडे तर आडनाव सांगितले की बहुतेकदा जातही कळते. जातीचा जाच, घरातली मारहाण, साहेबाचा त्रास यांवर बोलायचे तर नाव झाकावेच लागते. लोकहितवादींनीही सरकारी नोकरीत असताना 1848 पासून ‘प्रभाकर’मध्ये समाजाचे वाभाडे काढले ते टोपणनावानेच. आणि 2012 मध्ये पालघरला स्वतःच्या नावाने फेसबुकवर मत मांडणारी तरुणी आणि ते लाइक करणारी तिची मैत्रीण, दोघींना अटक झाली, हे महाराष्ट्र विसरलेला नाही.

गुन्हेगार सापडत नाही तो टोपणनावामुळे, हा समजच चुकीचा आहे. लोकांपासून नाव लपले तरी कंपनीकडे खात्याचा फोन नंबर किंवा ईमेल असतो, लॉगिनची वेळ आणि आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेट जोडणीचा क्रमांक असतो. घोळ पुढे होतो. तक्रारदार फक्त स्क्रीनशॉट आणतो, त्यात पोस्टची लिंक नसते. तोवर समोरचा युजरनेम बदलतो. खात्याचा अंकी आयडी मात्र बदलत नाही, पण तो कोणी टिपलेलाच नसतो. मोबाइल कंपन्या एकच आयपी पत्ता एकाच वेळी अनेक ग्राहकांना वापरायला देतात, म्हणून नेमका ग्राहक ओळखायला सोबत पोर्ट नंबर (त्या पत्त्यावरच्या एकेका जोडणीला दिलेला क्रमांक) आणि सेकंदापर्यंतची वेळ लागते. ही वेळ बहुधा यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत येते; भारतीय वेळ तिच्या साडेपाच तास पुढे. कागदावर 14 तारखेचे 19:10 असतील तर आपल्याकडे 15 तारीख उजाडून रात्रीचे 12:40 झालेले असतात. साडेपाच तास मिळवायचे राहिले की भलत्याच माणसाच्या दारात पोलीस उभे राहतात. ओळखपत्राच्या सक्तीने यातले काहीही सुधारणार नाही. दुसऱ्याच्या नावावरचे सिम वापरणारा तसाच मोकळा राहील आणि खरे कागद देणारी मुलगी तेवढी उघडी पडेल.

टोपणनावाने लिहिणाऱ्यांचीही जबाबदारी आहे, आणि ती मोठी आहे. स्वतःचे नाव झाकून दुसऱ्याचे नाव घ्यायचे, त्याच्यावर आरोप करायचे, तर पुराव्याचा कागद दाखवायलाच हवा. बोलणारा कोण हे वाचणाऱ्याला ठाऊक नसते, तेव्हा पुराव्याशिवाय त्याने विश्वास कशावर ठेवायचा? कोणाचा पत्ता, फोन नंबर, घरच्यांचे फोटो टाकणे हे तर कुठल्याच कारणाने खपवून घेऊ नये. निनावी धमकीला भारतीय न्याय संहितेच्या कलम 351(4) मध्ये 2 वर्षांपर्यंत जादा कैद आहेच. लैंगिक अत्याचाराच्या पीडितेचे नाव छापणे कलम 72 खाली गुन्हा आहे. म्हणजे धमकीसाठी झाकलेले नाव आणि जीव वाचवायला झाकलेले नाव यांतला फरक कायदा ओळखतो.

म्हणून एवढे करा. तक्रारीच्या फॉर्मवर पोस्टची लिंक आणि खात्याचा आयडी कसा काढायचा हे चित्रासह मराठीत द्या. पोलीस कंपन्यांकडे माहिती मागतात त्या मागणीपत्रात पोर्ट नंबर आणि वेळेचा प्रकार (यूटीसी की भारतीय) हे रकाने सक्तीचे करा. आणि नाव उघड करण्याचा आदेश न्यायाधीशाच्या सहीनेच निघू द्या, कोणत्या गुन्ह्यासाठी आणि कोणत्या पोस्टसाठी, हे त्यात लिहिलेले असू द्या.

आपले,
सायबर तक्रारींचे काम करणारे काही वकील व तंत्रज्ञ