मेयोनीज नको, जीरावन आणि आमसूल चालेल

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत वजन कमी करणाऱ्यांसाठी म्हणून ट्यूनाचं सँडविच आलं होतं ते वाचून हे पत्र लिहितेय, नाहीतर मी काही पत्रं लिहिणाऱ्यांतली नाही. त्यात एक डबा ट्यूना आणि चार मोठे चमचे मेयोनीज असं लिहिलंय. अहो चार चमचे! पाण्यातला ट्यूना निथळून घेतला तर 100 ग्रॅमला साधारण 115 कॅलरी आणि 25 ग्रॅमच्या आसपास प्रोटीन, म्हणजे बिचारा मासा स्वतः अगदी सडसडीत, आणि मेयोनीजच्या एका मोठ्या चमच्यात 90 ते 100 कॅलरी, मग चार चमच्यांचा हिशेब तुम्हीच करा. माशापेक्षा त्याचं पांघरूणच तिप्पट जड झालं की! आणि वर हेडिंग काय तर 'हलकंफुलकं'.

माझं माहेर रत्नागिरीकडचं, सासर इंदूर, रामबागेत. लग्न होऊन आले तेव्हा समुद्राचा मासा म्हणजे वर्षातून एकदा माहेरी गेल्यावरच, इथे आपले रोहू-कटला. आमच्याकडे ट्यूनाला कुपा म्हणतात, कुणी गेदर म्हणतं, आणि खरं सांगायचं तर सुरमई-पापलेटापुढे त्याला घरात फारसा मान नव्हता, काळपट मांस, कोरडं लागतं म्हणून आई नाक मुरडायची. आता तोच कुपा डब्यात बसून जिमवाल्यांचा हिरो झालाय. आमच्या चिरंजीवांनी जिम लावलं तेव्हापासून कपाटात डब्यांची चळत आहे, आणि यांची शुगर बॉर्डरवर आल्यापासून तेही खातात. मी दर वेळी काहीतरी वेगळं करून बघत गेले, त्यातलं जे जमलं ते सांगते, तुमच्या वाचकांना उपयोग होईल.

आधी एक गोष्ट, जी मला फार उशिरा कळली. डब्यातला मासा शिजलेलाच असतो. बहुतेक ठिकाणी आधी वाफवतात, काटे-कातडी काढतात, डब्यात भरून सील करतात आणि मग पुन्हा डब्यासकट तापवतात, म्हणजे दोनदा शिजून आलेला आहे तो, आता तुम्ही त्याला कढईत दहा मिनिटं परतलंत तर चोथा होणार नाही तर काय होणार? मी सुरुवातीला ओट्स घालून टिक्की केली, नॉनस्टिकवर तेल न घालता, खरपूस होईपर्यंत, आणि पोरगा म्हणाला आई हे खोडरबर आहे का. तेव्हा ट्यूना शेवटी घालायचा, गरम करण्यापुरता, बास.

दुसरं म्हणजे वास. डबा उघडला की सासूबाई देवघरातून विचारतात 'काय मेलंय गं', आमच्याकडे माशाची भांडी वेगळी आणि इंडक्शन गॅलरीत, त्यामुळे सगळे प्रयोग मी गॅलरीतच केलेत. त्यावर उपाय आपला जुनाच, आंबट. माशाचा तो वास ज्या अमाइन नावाच्या रसायनामुळे येतो त्याला आम्ल लागलं की ते उडून नाकापर्यंत येत नाही, म्हणून तर आया-आज्या माशाला लिंबू नाहीतर आमसुलाचं आगळ लावून ठेवायच्या, त्यांना अमाइन कुणी शिकवलं होतं? मी डबा निथळते, चाळणीत घालून नळाखाली पटकन एकदा धुते म्हणजे वरचं मीठही थोडं कमी होतं (यांना बीपी आहे), हलक्या हाताने दाबून पाणी काढते आणि अर्ध्या लिंबाचा रस लावून दहा मिनिटं बाजूला. अर्ध्या लिंबाच्या कॅलरी मोजायला बसू नका, नाहीच्यात जमा आहेत.

आता चव. इंदूरकरांनो, आपल्याकडे जीरावनासारखा मसाला असताना ट्यूना फिका का खायचा हेच मला कळत नाही! पोह्यावर आपण भुरभुरवतो, सराफ्यातल्या खाऊगल्लीत थंडीत तळलेल्या गराडूच्या कंदावर भुरभुरवतो, त्यात जिरं, धणे, बडीशेप, लवंग, दालचिनी, सुंठ, आमचूर, हिंग, काळं मीठ, सगळी फौज असते, आणि चिमूटभर पुरतं. बारीक कांदा, काकडी, हिरवी मिरची, भरपूर कोथिंबीर, त्यात लिंबू लावलेला ट्यूना आणि वरून अर्धा चमचा जीरावन, झालं, यात तेलाचा थेंब नाही. फक्त मीठ घालू नका, डब्यातही असतं आणि जीरावनातही, पहिल्यांदा मी तिन्ही घातलं आणि सगळं फेकावं लागलं. आमच्या ह्यांचे एक मित्र आले होते, पक्के इंदुरी, ते खाऊन म्हणाले 'भिया, बस सेव पाहिजे होती वरून'. सेवेने मग सगळ्यावरच पाणी फिरतं, पण मी वाटीभर घातली त्यांना, पाहुण्याला नाही कसं म्हणायचं.

मेयोनीजसारखं मऊसर काहीतरी लागतंच ज्यांना, त्यांनी दही फडक्यात बांधून दोन तास टांगावं. साध्या दह्याच्या मोठ्या चमच्यात दहाच्या आसपास कॅलरी, चक्का केला की थोड्या वाढतात पण मेयोनीजच्या जवळपासही जात नाहीत. आणि त्यात फेसलेली मोहरी! ही माझी सगळ्यात आवडती युक्ती. मोहरीची पूड गार पाण्यात घालून चांगली फेसायची आणि दहा मिनिटं ठेवायची, गरम पाणी घेतलं तर तो नाकात जाणारा झणका येतच नाही, कारण तो झणका तयार करणारं एन्झाइम उष्णतेने बाद होतं. एक चमचा फेसलेली मोहरी, तीन चमचे चक्का, एक लसणाची पाकळी ठेचून, ट्यूना, ब्रेडला लावा. डोळ्यात पाणी येतं आणि पोरगा मेयोनीजचं नाव काढत नाही. काहींना फोडणीशिवाय चैन पडत नाही, त्यांनी एक छोटा चमचा तेलाची हिंग-कढीपत्त्याची फोडणी द्यावी, 40 कॅलरीच्या आसपास होतात, चालतं, तेवढं तेल अख्ख्या वाडग्याला वास लावून जातं. पण चमचा मोजून घ्या, बाटलीतून अंदाजे ओतलेलं तेल कधीच एक चमचा नसतं.

आता टोमॅटो. पुतणी फूड टेक्नॉलॉजी शिकते, तिने सांगितलेलं सांगते. 1908 मध्ये जपानच्या इकेदा नावाच्या शास्त्रज्ञांनी समुद्री शेवाळातून ती मांसल, तोंडात रेंगाळणारी चव शोधली, ते ग्लुटामेट, आणि पुढे 1913 मध्ये त्यांच्याच शिष्याने, कोदामांनी, वाळवलेल्या कात्सुओ माशातून आणखी एक शोधली, इनोसिनेट. हा कात्सुओ म्हणजे ट्यूनाचाच भाऊबंद, डब्यातही पुष्कळदा तोच असतो. पुढे कळलं की ही दोन्ही एकत्र आली की चव नुसती बेरजेने वाढत नाही, कितीतरी पटीने वाढते. आणि टोमॅटोत ग्लुटामेट भरपूर! म्हणजे टोमॅटो आणि ट्यूना ही जोडी देवानेच जमवलेली आहे. मी काय करते, दोन लाल टोमॅटो आधी स्वयंपाकघरातल्या गॅसवर वांग्यासारखे भाजते, साल काढून कुस्करते, त्यात भाजलेला लसूण, भाजलेली हिरवी मिरची, कोथिंबीर, शेवटी ट्यूना. ट्यूनाचं भरीत म्हणा. ज्वारीच्या भाकरीबरोबर सासरे असते तर त्यांनीही खाल्लं असतं, सासूबाई मात्र अजून लांबूनच बघतात.

आणि माहेरची पद्धत. चार आमसुलं कोमट पाण्यात भिजत घालायची, पाच-सहा तिरफळं, बी काढून नुसती साल, जरा ठेचायची, हळद, दोन मिरच्या, वाटीभर पाणी, पाच मिनिटं उकळू द्यायचं, मग आच बारीक करून ट्यूना घालायचा आणि दोन मिनिटांत उतरवायचं. आई बांगड्याला करायची, त्यात खोबरं वाटून घालायची. ओल्या खोबऱ्याला 100 ग्रॅमला 350 कॅलरी असतात म्हणून मी वाटण टाकलंच नाही, वरून एक चमचा खवलेलं भुरभुरवते, तेवढ्याने जीव रमतो. तिरफळाने जीभ जी चुरचुरते ना, त्यापुढे तेलाची आठवणच येत नाही.

तेलातला डबा स्वस्तात मिळाला म्हणून आणू नका, निथळूनही 100 ग्रॅमला 200 च्या आसपास कॅलरी राहतात. आणि हे रोज खायचं नाही, ट्यूनात पारा असतो, मोठ्या जातीच्या माशात जास्त, पोटुशी असेल तिने आधी डॉक्टरांना विचारावं. पोराला मी आठवड्यात दोनदाच देते, तो कुरकुरतो, कुरकुरू दे. उघडलेला डबा तसाच फ्रिजमध्ये ठेवू नये, काचेच्या डब्यात काढावा आणि दोन दिवसांत संपवावा. रिकामा डबा सुक्या कचऱ्यात टाकायचा असतो पण धुवून हो, एकदा न धुता ठेवला तर सकाळी कचऱ्याची गाडी यायच्या आधी मांजरांची सभा भरली होती दारात.

तर संपादक साहेब, पाककृती छापताना माशाच्या कॅलरी लिहिता तशा वरून घातलेल्या सगळ्याच्याही लिहीत जा, चमच्यासकट. आणि पुरवणीच्या कुणा वाचकाला इंदुरात चांगलं तिरफळ कुठे मिळतं ते ठाऊक असेल तर कृपया छापा, माझी आईने दिलेली बाटली तळाला आलीये.

आपली,
एक वाचक, रामबाग, इंदूर