विहिरीकडच्या ओळीतल्या पोफळी

चि. बाय हिस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी रात्री फोनवर तू म्हणालीस, "आई, मला आता नाही गं जमत." मी लगेच म्हणाले, "वादळात छप्पर उडालं तेव्हा रडली नाहीस आणि आता चार नाइट ड्युट्यांनी रडतेस?" तू गप्प झालीस. मग "बरं, ठेवते" म्हणालीस. तुझं ते "बरं" अजून माझ्या कानात आहे. फोनवर बोलायला गेले तर पुन्हा घाईघाईत काहीतरी बोलून जाईन, म्हणून लिहायला बसले. माझं चुकलं, बाय.

ज्या दिवसाचं नाव घेऊन मी तुला गप्प केलं, तो दिवस मला नीट आठवतो का, हे मी स्वतःला विचारलं. ३ जून २०२०. सकाळपासून वारा वाढत होता आणि दुपारी निसर्ग वादळ आपल्या किनाऱ्यावर चढलं. ताशी १०० किलोमीटरच्या वर वारा. आधी पडवीचे पत्रे गेले, मग माजघरावरची कौलं पत्त्यांसारखी उडायला लागली. आपण पाचही जणं देवघराच्या भिंतीला टेकून बसलो होतो. तू आजीचे कान तुझ्या हातांनी झाकून धरले होतेस. मी तेव्हा पाहिलं ते एवढंच, की तू रडत नाहीस. तुझे स्वतःचे कान उघडे होते, हे मात्र मला परवा लिहायला बसल्यावर सुचलं.

संध्याकाळी बाबा सुपारीच्या वाडीत गेले आणि बराच वेळ आलेच नाहीत. मी बघायला गेले तर आडव्या पडलेल्या पोफळींवर बसले होते. आजोबांच्या हातची झाडं ती. उभी राहिली होती ती बोटांवर मोजण्याइतकी. पोफळीची मुळं वरवर पसरणारी, खोड बारीक आणि उंच. नऊ-नऊ फुटांवर दाटीनं लावतात, म्हणून एकमेकींच्या आडोशानं तग धरतात. कडेची ओळ गेली की आतल्या उघड्या पडतात. पुढे भरपाई जाहीर झाली ती हेक्टरी ५०,००० रुपये, आणि आपली वाडी तर गुंठ्यांत. हिशोब करून बाबांनी कागद घडी घालून ठेवून दिला, तो अजून कपाटात आहे.

त्यानंतरचे दिवस तुझे आहेत, ते मी लिहून ठेवलेच पाहिजेत. दीड महिना घरात वीज नव्हती. पंप बंद, म्हणून तू विहिरीवरून पाणी ओढायचीस. तळहाताला फोड आले तर फडकं बांधून ओढायचीस. दहावीचा तुझा भूगोलाचा पेपर २३ मार्चला व्हायचा होता, तो आधी पुढे ढकलला आणि मग रद्दच झाला. बाकीच्या पेपरांच्या सरासरीवर गुण मिळाले. लोक तुमच्या वर्षाला "कोरोना बॅच" म्हणत. अजूनही म्हणतात, तेव्हा मला राग येतो. अकरावीच्या तासांसाठी तुम्ही चौघी सड्यावर जात होतात, कारण रेंज तिथेच यायची. पावसात एका छत्रीखाली एक फोन, आणि ज्या मुलीकडे फोन नव्हता तिला तुम्ही मध्ये बसवायचात. मला कुणी सांगितलं नव्हतं, मी एकदा डबा द्यायला आले तेव्हा दिसलं.

आणि माझी शाळा! पहिलीतली माझी पोरं जवळजवळ पावणेदोन वर्षं वर्गात आली नाहीत. "शाळा बंद, पण शिक्षण सुरू" असं आमचं चाललं होतं, पण ज्या घरात एकच फोन आणि तोही बापाबरोबर बोटीवर, तिथे कसलं शिक्षण सुरू राहणार? तू आपल्या खळ्यात सात पोरं जमवलीस. कौलांचे तुकडे मोजायला देऊन बेरीज शिकवलीस. शाळा उघडल्यावर त्या सातांना वाचता येत होतं. बाकीच्यांसाठी मला वर्षभर मागे जावं लागलं. हे मी कुठल्याच बैठकीत सांगितलं नाही, कारण त्यात माझं श्रेय काहीच नव्हतं. तुलाही कधी म्हटलं नाही. आज म्हणते.

बारावीला तुम्हाला अर्धा तास जास्त दिला होता, दोन वर्षांत लिहायची सवय मोडली म्हणून. तू घरी येऊन मनगट कोमट पाण्यात धरून बसायचीस. त्याच्या आदल्या वर्षी, २२ जुलै २०२१ ला, चिपळूण बुडालं. तुझा मामेभाऊ मित्रांना घेऊन गेला आणि आठवडाभर लोकांच्या घरांतला चिखल उपसत राहिला. एकोणीस वर्षांचा होता. त्याच दिवशी महाडजवळ तळियेवर दरड आली. त्या दोन वर्षांत तुमच्या वयाच्या मुलांनी जे पाहिलं, ते आमच्या पिढीनं चाळिशीपर्यंत पाहिलं नव्हतं.

म्हणूनच आता कुणी भाषणात "देशाची तरुण पिढी चिवट आहे" असं म्हटलं की मी टाळी वाजवत नाही. खोटं आहे म्हणून नव्हे, खरंच आहे ते. पण चिवट म्हटलं की पुढे काही करायचं उरत नाही, असं होतं. तुझ्या मोठ्या मामाचंच बघ. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर. माझे बाबा त्यातले एक. ते गावी परत आले तेव्हा दादा पंधरा वर्षांचा होता. त्याला गणित फार आवडायचं. तो शाळा सोडून बोटीवर खलाशी म्हणून गेला, आणि सगळा गाव म्हणाला, "पोरगा गुणाचा, घर सावरलं." आम्हीही म्हणत राहिलो. त्याच्या पैशांवर मी डी.एड. झाले. त्याला काय व्हायचं होतं हे मी त्याला पहिल्यांदा विचारलं गेल्या गणपतीत, तो साठीला आल्यावर. तो उठून पडवीत गेला.

रविवारी मी तुझ्याशी तेच केलं. तू एकदा तग धरलास, म्हणजे आता कायमच धरशील, असं गृहीत धरलं.

रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांची लोकसंख्या २००१ ते २०११ या काळात कमी झाली. जन्म थांबले म्हणून नाही, तुमच्या वयाची मुलं निघून गेली म्हणून. इकडे आपल्या तालुक्यातही तेच चित्र दिसतं. तुम्ही जाता, पैसे पाठवता, गणपतीला येता, आणि आम्ही म्हणतो पोरं हुशार आहेत, करतील. इथे काय उभं करायला हवं होतं ते करायचं कुणी?

वादळानंतरच्या पावसाळ्यात बाबांना श्रीवर्धनी रोठा सुपारीची रोपं मिळाली, तेव्हाची गोष्ट तुला आठवत असेल. लगेच लावावीत असं मला वाटत होतं. बाबा म्हणाले, "कोवळ्या रोपाला डोक्यावर सावली लागते. जुनी झाडं असती तर त्यांनीच धरली असती. आता आधी केळी लावू." एक वर्ष आपण फक्त केळी वाढवली. शेजारी म्हणत, वेळ घालवताय. मग २०२१ च्या पावसात केळींच्या आत रोपं लावली. विहिरीकडची ओळ तुझ्या हातची. मोठ्या पोफळीच्या खोडालासुद्धा दक्षिण-पश्चिमेचं ऊन सतत लागलं तर ते भाजतं, तडकतं आणि पुढच्या वाऱ्यात तिथेच मोडतं. म्हणून बाबा त्या बाजूच्या खोडांना झाप गुंडाळून बांधतात. झाड दणकट आहे म्हणून सोडून देत नाहीत.

तर आता कामाचं. तुझ्या मॅडमशी बोल आणि खरं ते सांग, की झोप येत नाही, हात थरथरतात. परीक्षा पुढे गेली तर जाऊ दे. फीची काळजी करू नकोस, माझा पगार आहे. रात्री कुणाशी बोलावंसं वाटलं आणि मला उठवायला जीव झाला नाही, तर १४४१६ हा टेली-मानसचा नंबर आहे, मी शाळेच्या फलकावर मुलांसाठी लिहिला आहे तोच. पण मला उठवलंस तर मला आवडेल. या वेळी मी फक्त ऐकेन.

शनिवारी सुट्टी मिळाली तर रात्रीच्या एसटीने ये. आजीने तुझी गोधडी उन्हात घातली आहे. विहिरीकडच्या ओळीत तिसऱ्या पोफळीला पहिली फुलोऱ्याची पोय आली आहे. बाबांनी फोटो काढला होता, पण मी त्यांना पाठवू दिला नाही. तू येऊन बघ.

तुझी,
आई