लशीचा डबा आणि आमच्या मावशी

पुणे, मे महिना

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा, तुम्ही फोनवर विचारलंत, "हॉस्पिटलातल्याच लोकांच्या फ्लूची लस घ्या म्हणून मागे लागावं लागतं? त्यांना कळत नाही?" तेव्हा राउंडची घाई होती, म्हणून आता लिहिते.

कळतं हो. पण वॉर्डातल्या आया, आमच्या मावशी, म्हणतात, मागं सुई घेतली, दुसऱ्या दिवशी अंग मोडून आलं, खाडा पडला, पगार कापला. लशीतला विषाणू मेलेला असतो, त्यानं फ्लू होत नाही, फार तर दंड दुखतो नि एखाद दिवस कसकस वाटते, हे मी सांगते. त्या मान डोलावतात. पण कापलेल्या पगाराचं काय? यंदा मेट्रनबाईंकडून लिहूनच घेतलं की लशीनंतर ताप आला तर खाडा धरायचा नाही. माझ्या सगळ्या पोस्टरांनी झालं नाही ते त्या चिठ्ठीनं झालं.

दुपारी ओपीडीत या म्हटलं की कोणी फिरकत नाही. म्हणून रात्रपाळीला बर्फाचा डबा घेऊन मीच वॉर्डावॉर्डातून फिरते. परवा एका वॉर्डबॉय मामांनी स्ट्रेचर न सोडताच बाही वर केली, "सिस्टर, लिफ्ट येईपर्यंत टोचा."

सगळ्यात अवघड डॉक्टर मंडळी! "मला कधी काही होत नाही." नसेल होत. पण फ्लू लक्षणं दिसायच्या आदल्या दिवसापासून पसरू शकतो, आणि त्यांच्या पुढ्यातल्या खाटेवर कॅन्सरची केमो चाललेला, प्रतिकारशक्ती खालावलेला पेशंट असतो. २००९च्या ऑगस्टमध्ये देशातला स्वाइन फ्लूचा पहिला मृत्यू इथेच, पुण्यात झाला. नायडू हॉस्पिटलबाहेर तपासणीसाठी रांगा लागल्या होत्या. ज्यांनी ते दिवस वॉर्डात काढलेत, त्या जुन्या सिस्टरांना काही पटवावं लागत नाही. लस घेऊनही कधीकधी फ्लू होतो, हेही मी लपवत नाही; पण सहसा तो तितका बळावत नाही.

आता तुमचं. आईची शुगर, बाबांचा दमा, तेव्हा आपल्या डॉक्टरांना विचारून दोघंही घ्या. लस अंगी लागायला दोन आठवडे जातात आणि आपल्याकडे पावसाळ्यात फ्लू वाढतो, म्हणून आत्ताच. मीच आणली असती, पण ती २ ते ८ अंशांत ठेवावी लागते, एसटीत ते कसं जमणार? आणि बाबा, "गेल्या वर्षी घेतली की" चालणार नाही, विषाणू बदलत राहतो, म्हणून दरवर्षी घ्यायची. आई, पेपर वाचून झाला की त्यांना रिक्षात बसव. आधी नको, चिडतील.

तुमची,
ताई