जो पॉवेल नुसता हात मोडून गेला नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

इंग्लंडमधील सुरुवातीच्या व्यावसायिक फुटबॉलपटूंविषयी लिहिताना वूलविच आर्सेनलचा (आजच्या आर्सेनल क्लबचा) कर्णधार जो पॉवेल ‘हात मोडून वारला’ एवढ्यावर विषय संपवला जातो. यात मृत्यूचे खरे कारणच झाकले जाते.

सैन्यातून क्लबात आलेला पॉवेल फुलबॅक, म्हणजे बचावपटू, म्हणून खेळे. २३ नोव्हेंबर १८९६ रोजी केटरिंगविरुद्धच्या सामन्यात तो हातावर पडला. हाड कातडी फाडून बाहेर आले. ते पाहून मदतीला धावलेल्यांपैकी एकाची शुद्ध हरपली. पुढे रक्तात विष भिनले, धनुर्वात झाला. कोपराच्या वर हात कापूनही २९ नोव्हेंबरला तो गेला. वय अवघे २६.

तेच हाड कातडीच्या आत मोडले असते, तर फळ्या बांधून तो बहुधा बरा झाला असता. धनुर्वाताचे जंतू मातीत सुप्तावस्थेत वर्षानुवर्षे टिकतात. बाहेर आलेले हाड जागेवर बसवताना त्याला लागलेली माती खोलवर, प्राणवायू नसलेल्या जागी जाते, आणि तिथेच ते वाढतात. मग वरून जखम कितीही धुवा. लक्षणे साधारण ३ ते २१ दिवसांत दिसतात. जितकी लवकर दिसतील तितका आजार जहाल. पॉवेलच्या वाट्याला जेमतेम सहा दिवस आले. बेहरिंग आणि कितासातो या शास्त्रज्ञांनी १८९० मध्येच प्रतिविषाचा शोध लावला होता. पण मज्जातंतूंना एकदा चिकटलेले विष त्यानेही सुटत नाही. हात कापून तर नाहीच नाही.

मँचेस्टर सिटीचा डाय जोन्सही १९०२ मध्ये असाच गेला. सरावात काचेवर पडून त्याचा गुडघा कापला आणि जखम चिघळली. एवढा कसलेला वेल्श खेळाडू, आणि निमित्त काचेच्या तुकड्याचे!

म्हणून अशा लेखांत जखमेचा उल्लेख हवाच, शिवाय मैदानावर काय करावे हेही छापावे. बाहेर आलेले हाड आत ढकलू नये. स्वच्छ ओल्या कापडाने झाकावे, हात आहे त्या स्थितीत आधार देऊन बांधावा, भूल द्यावी लागणार म्हणून खाऊपिऊ घालू नये आणि थेट रुग्णालय गाठावे. प्रतिजैविक जितके लवकर मिळेल तितके चांगले. जखम मातकट असेल आणि धनुर्वाताच्या शेवटच्या लशीला पाच वर्षे उलटली असतील, तर पुन्हा टोचून घ्यावी. आधीच्या लशींची खात्री नसेल तर सोबत तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शनही लागते.

आपला,
एक वाचक