विषय : ‘गोवा विमानतळ’ नेमका कोणता, आणि माझे ४,४०० रुपये

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

तुमच्या मदत केंद्राला केलेला चौथा फोन आत्ता सव्वाअकराला संपला. संपला म्हणजे पलीकडून ठेवला गेला. म्हणून हे लेखी.

तुमच्या अ‍ॅपवर सोलापूर–गोवा मार्गासाठी ‘अंतर ३३५ किमी, उड्डाणाचा वेळ २५ मिनिटे’ असं लिहिलंय. हे ३३५ गोव्याच्या जुन्या विमानतळापर्यंतचं, म्हणजे दाबोळीपर्यंतचं, तेही सरळ रेषेत. सोलापूरचं विमान जून २०२५ पासून जातं ते मोपाला, उत्तर गोव्यातल्या नव्या विमानतळावर. ते अंतर तीनशेच्या आसपास भरतं. मोपा जानेवारी २०२३ पासून चालू आहे. तिथली तिकिटं विकताना तुम्हाला ते माहीत असतं, अंतर सांगताना नसतं. आणि २५ मिनिटं? कुणीतरी ३३५ ला जेटच्या वेगानं भागून मोकळं झालंय. या मार्गावर पंख्याचं एटीआर विमान उडतं, ताशी पाचशेच्या घरात. चढणं-उतरणं धरून तास-सव्वा तास जातोच. त्याबद्दल तक्रार नाही. विमान वेळेवर होतं.

तक्रार टॅक्सीची आहे. तिकिटासोबत ‘गोवा विमानतळ ते मडगाव’ टॅक्सी तुमच्याकडूनच घेतली, १,८०० रुपये आगाऊ भरून. भाचीचा साखरपुडा होता. सोबत ७६ वर्षांची आई आणि दोन किलो शेंगाचटणी. आम्ही मोपाला, तुमची टॅक्सी दाबोळीला. मध्ये मांडवी आणि झुआरी, दोन्ही नद्या. दुसरी टॅक्सी केली, २,६०० रुपये. पोचलो तेव्हा अंगठ्या घालून झाल्या होत्या.

आता आजचा फोन. मी म्हणालो, टॅक्सी दुसऱ्याच विमानतळावर पाठवलीत.

‘सर, सिस्टीमला गोवा एअरपोर्टच दिसतंय.’

गोव्यात दोन आहेत, म्हणालो. दीड मिनिट बासरी ऐकवली.

‘सर, आपलं विमान गोव्यातच उतरलं ना?’

हो.

‘टॅक्सीपण गोव्यातच होती, सर.’

बरं, मोपा ते दाबोळी किती लांब ते तुमच्याच अ‍ॅपवर बघून सांगा, म्हणालो. त्यानं खरंच बघितलं. ‘सर, या दोन ठिकाणांमध्ये विमानसेवा उपलब्ध नाही.’ आणि वर, अगदी गोड आवाजात, ‘सर, आपण पहिल्यांदाच विमानानं गेलात का?’

सोलापूरच्या धावपट्टीपायी साखर कारखान्याची चिमणी पाडलेली आम्ही २०२३ साली पाहिलीय. विमानतळ कशाला म्हणतात हे सोलापूरकराला विचारायची तुमची हिंमत कशी झाली? मी शांतपणे लिहायचं ठरवून बसलो होतो, राहू दे.

एवढं होऊन माझ्या बुकिंगवर शेरा काय, तर ‘प्रवासी गैरहजर’. गैरहजर मी! टॅक्सी दाबोळीला, आणि गैरहजर मी. भरपाई म्हणून १०० रुपयांचं कूपन, पुढच्या टॅक्सीवर. तीही दाबोळीलाच येणार असेल.

पाच वर्षं घरातल्या सगळ्यांची तिकिटं मी तुमच्याकडेच काढत आलो. मेव्हण्यालाही मीच सांगितलं होतं. आता तो मला ऐकवतो.

१,८०० अधिक २,६०० असे ४,४०० रुपये १५ दिवसांत खात्यावर हवेत, आणि तो ‘गैरहजर’ शेरा काढून हवा. नाहीतर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं मी राहतो तिथल्या, म्हणजे सोलापूरच्याच जिल्हा आयोगात दावा लावता येतो. तुमच्या वकिलांना इकडे यावं लागेल. किती वेळ लागतो ते त्यांनी तुमच्या अ‍ॅपवर बघू नये.

दोन्ही टॅक्सींच्या पावत्या जोडल्या आहेत. ‘२५ मिनिटे’ आज सकाळीही तसंच होतं, त्याचा फोटोही जोडलाय.

बुकिंगवर ज्याचा नंबर आहे तोच,
होटगी रस्ता, सोलापूर